धामण : आधी ओळख, मग काठी

मी रायपूरहून बोलतोय. फौजेत एक गोष्ट अंगात भिनते : समोरचा आपला की परका, हे कळल्याशिवाय गोळी चालवायची नाही. तोच नियम आज धामणीला लावू या.

छत्तीसगढला धानाचा कटोरा म्हणतात. धान आलं की उंदीर आले आणि उंदरांमागे धामण आली. इकडे तिला असढिया म्हणतात. तिला विष नाही. दिवसा फिरते, दोन मीटरच्या वर वाढते आणि चपळ असते. उंदराला अंगाखाली दाबते आणि सरळ गिळते. बिळात शिरून शेताची राखण करणारा असा बिनपगारी शिपाई दुसरा नाही.

शास्त्रज्ञ तिच्या प्रजातीला ‘टायस’ म्हणतात. आपली धामण इराणपासून चीन आणि इंडोनेशियापर्यंत आढळते. तिची एक हिरवी बहीण पूर्व हिमालयात राहते, तर आग्नेय आशियातली एक बहीण चार मीटरच्या आसपास जाते.

मग ती मारली का जाते? कारण ती नागासारखी दिसते. डिवचली की मान फुगवते आणि गुरगुरल्यासारखा आवाज काढते. फरक असा, की नागाचा फणा आडवा पसरतो, तर धामणीची मान उभी फुगते. तिचे डोळे मोठे असतात आणि ओठांच्या खवल्यांवर काळ्या रेषा असतात.

शिवाय अफवा आहेतच. म्हणे, धामण ही नागाची मादी! अहो, नागाची मादी नागीणच असते. धामणीत नर वेगळा, मादी वेगळी. म्हणे, ती गाईचं दूध पिते! आत वळलेल्या दातांनी कुणी आचळाला लागलं, तर गाय उभी राहील का? शेपटीत विष असतं, हेही खोटंच. आणि दोन धामणी एकमेकींना विळखा घालून उभ्या राहतात, ते बहुधा प्रेम नसतं. ती दोन नरांची कुस्ती असते.

आता महत्त्वाचं. धामण मित्र असली, तरी तिला हात लावायचा नाही. घाबरली तर ती कडकडून चावते. शिवाय घाईत तुमची ओळख चुकली आणि तो नाग निघाला तर? म्हणून साप दिसला की लांब उभे राहा, मुलांना आणि कुत्र्याला आत घ्या, वनखात्याला किंवा जाणत्या सर्पमित्राला फोन करा. साप चावला आणि जात नक्की माहीत नसेल, तर तो विषारीच समजा. कापायचं नाही, करकचून बांधायचं नाही, बैगा-गुनियाकडे वेळ घालवायचा नाही. तडक दवाखाना गाठायचा. विषारी सापावर उतारा एकच, तो म्हणजे प्रतिविषाचं इंजेक्शन.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने धामणीला संरक्षण दिलंय. पण शेताच्या बांधावर कायदा पहाऱ्याला उभा नसतो, आपण असतो. आपल्याच शिपायाला आपण मारलं, तर फायदा फक्त उंदरांचा.