थेरपीचा पाऊण तास संपल्यावर

आजचा विषय जरा नाजूक आहे. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, आणि त्यात आहार, शेती आणि गाव यांचा नेमका काय उपयोग होतो. मी डॉक्टर नाही, कोड लिहिणारा माणूस आहे. पण माझा आतेभाऊ स्वमग्न आहे. आज 23 वर्षांचा आहे, जुन्नर तालुक्यात राहतो, त्यामुळे हा विषय आमच्या घरातलाच.

आधी आहार. "गहू आणि दूध बंद करा, मूल बरं होईल" असे व्हिडिओ तुम्हालाही आले असतील. तर स्पष्ट बोलूया, स्वमग्नता आहाराने बरी होते याला भक्कम पुरावा नाही. उलट आधीच तीन-चारच पदार्थ खाणाऱ्या मुलाचं दूध कुणाला न विचारता तोडलं, तर कॅल्शियम आणि प्रथिनं कमी पडतात. मग आहाराचा उपयोग कुठे? तर पोटात. बद्धकोष्ठता या मुलांमध्ये बरीच दिसते, आणि ज्याला बोलून सांगता येत नाही त्याची पोटदुखी चिडचिडीतून बाहेर पडते.

आमच्या भावाला सगळं कुरकुरीतच लागतं. म्हणून आत्याने नाचणी पापडापासून सुरू केली, मग पातळ, खरपूस थालीपीठ, मग हळूहळू जाड. यात कित्येक महिने गेले. आणि एका वेळी एकच बदल, वहीत तारीख टाकून. आम्ही सॉफ्टवेअरवाले हेच करतो ना? एकाच दिवशी पाच गोष्टी बदलल्या, तर फरक कशाने पडला ते कळणार कसं?

आता शेती. तो टोमॅटोची प्रतवारी करतो. रंग आणि आकार बघून क्रेट वेगळे लावायचे. नियम डोळ्यांना दिसतो, क्रम रोज तोच, आणि क्रेट भरला की काम संपलं हेही दिसतं. पण शेत म्हणजे आपोआप शांत जागा, असं समजू नका. ट्रॅक्टरचा आवाज त्याला सहन होत नाही, फवारणीचा वास तर अजिबात नाही. त्या दिवशी तो घरीच असतो. आणि विहीर! स्वमग्न मुलं नकळत निघून जातात, पाण्याकडे ओढली जातात. विहिरीला कठडा आणि जाळी, औषधाच्या बाटल्या कुलपात, हे आधी. बाकी सगळं नंतर.

अजून एक. त्याला इतरांसारखाच रोज मिळतो. "बिचारा, मन रमतंय" म्हणून फुकट राबवणं याला मी थेरपी म्हणणार नाही.

थेरपी आठवड्यातून दोनदा, पाऊण पाऊण तास. उरलेला वेळ तो गावात असतो. किराणावाला त्याला यादी वाचायला वेळ देतो, एसटीचा कंडक्टर त्याचा थांबा ओळखतो. हे कुणी शिकवलं नाही. आत्या रोज त्याला घेऊन बाहेर पडली, लपवलं नाही, एवढंच.

पण आत्या आता साठीची आहे. "आमच्यानंतर काय?" हा प्रश्न प्रत्येक आईबापाला रात्री जागवतो. सोबत राहून शेती करणं, हे त्याचं एक जुनं उत्तर. स्कॉटलंडमध्ये 1940 मध्ये डॉ. कार्ल कोनिग यांनी कॅम्पहिल सुरू केलं. आपल्याकडे मुळशी तालुक्यात, कोळवण भागात साधना व्हिलेज आहे, बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढांसाठी. अशा जागा गरजेपुढे फारच थोड्या.

तोवर कागद तरी करून ठेवा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, यूडीआयडी कार्ड काढा. 18 पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय न्यास कायद्याखाली, जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. निरामय विम्यात वर्षाला 1 लाखापर्यंतचा खर्च मिळतो.

आणि तुमच्या ओळखीत असं घर असेल, तर उपाय सुचवू नका. "रविवारी दोन तास मी थांबतो त्याच्याजवळ, तुम्ही जाऊन या" एवढं म्हणा. भेटूया पुढच्या भागात.