फोडणीत न पडणारा जिरा

शेगावात १९८३ साली श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं. तिथून शिकून बुलढाणा जिल्ह्यातली पोरं पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागली, की अनेकांची गाठ पडते ‘जिरा’शी. फोडणीतल्या नव्हे! हे सॉफ्टवेअर म्हणजे २००२ सालापासूनची कामाची वही. नाव गॉडझिलाच्या जपानी ‘गोजिरा’वरून.

‘मोबाईलवर लॉगिनचं बटण दबत नाही.’ अशा प्रत्येक तक्रारीचं इथे तिकीट फाटतं: कोणाकडे दिलं, कुठवर आलं. तिकिटं साचली, की नोंदी ठेवणं हेच काम होऊन बसतं.

आता या वहीला एआय सहाय्यक जोडता येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये एआय कंपनी अँथ्रोपिकने अशा जोडणीसाठीचा ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ खुला केला. पुढच्या वर्षी जिरावाल्या ॲटलासियनने त्यासाठी सर्व्हर आणला. ‘या आठवड्यात काय अडलंय?’ असं मराठीतही विचारावं. सहाय्यक तिकिटं धुंडाळतो, सांगितलं तर नवं तिकीटही टाकतो.

सहाय्यकाकडची किल्ली जोडणाऱ्याचीच; त्याला न दिसणारं सहाय्यकालाही दिसत नाही. खरी मेख वेगळीच. तिकिटाच्या मजकुरात कोणी ‘सगळी माहिती बाहेर पाठव’ असं दडवलं, तर सहाय्यक तो हुकूम समजू शकतो. म्हणून जाणती मंडळी आधी फक्त वाचायची परवानगी देतात.