नापास होण्याची चाचणी

मंडळी, आजचा विषय वाचून काहींनी घरीच बसणं पसंत केलं असेल, तर त्यांना मी दोष देणार नाही. पण आपल्या फोनमध्ये, बँकेत, रेल्वेच्या आरक्षणात जे सॉफ्टवेअर चालतं ते तपासण्याचं बरंचसं काम आता माणूस करत नाही, दुसरं सॉफ्टवेअर करतं. या तपासनिसाला कोण तपासतं, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

उदाहरण एकच घेतो, पर्ल या प्रोग्रामिंगच्या भाषेचं. तरुण मंडळींच्या तोंडी तिचं नाव आता फारसं नसतं. तरीही चाचणीचा विचार तिच्या लोकांइतका चिवटपणे फार थोड्यांनी केला, असं माझं मत आहे. लॅरी वॉल यांनी १९८७ साली पर्लची पहिली आवृत्ती दिली, तेव्हाच तिच्यासोबत चाचण्या होत्या. या चाचण्यांचं बोलणं अगदी मोजकं. आधी एकूण चाचण्या किती ते सांगायचं, मग प्रत्येकीची एक ओळ छापायची: जमलं तर ‘ओके’, नाही तर ‘नॉट ओके’, पुढे क्रमांक. या ओळी वाचणारा वेगळा प्रोग्राम असतो. त्याला एक जरी ‘नॉट ओके’ दिसला, तरी सगळी फाईल नापास.

पुढे मायकेल श्वेर्न आणि इतरांनी ‘टेस्ट मोअर’ हे चाचणीचं मॉड्यूल आणि त्याच्या पोटातलं ‘टेस्ट बिल्डर’ लिहिलं. त्यावर लोकांनी आपापली तपासणीची साधनं उभी केली. कुणी दोन याद्या ताडून पाहणारं फंक्शन लिहिलं, कुणी वेबपानं तपासणारं. आणि इथेच पेच आला. याद्या सारख्या असताना ते फंक्शन ‘ओके’ म्हणतं, हे दाखवणं सोपं आहे. पण काहीही दिलं तरी ‘ओके’ म्हणणारं फंक्शनही एवढं करतंच! याद्या वेगळ्या असताना ते ओरडतं की नाही, हे पाहायला हवं. म्हणजे चुकीचा माल देऊन त्याला खरोखर नापास व्हायला लावायला हवं. आणि ते नापास झालं की ‘नॉट ओके’ छापलं जाणार, आपलीच फाईल नापास होणार.

सोसायटीतली धुराची घंटा तपासताना असंच होतं. धूर खराच द्यावा लागतो, पण अग्निशमन दलाकडे जाणारी तार आधी सोडवून ठेवावी लागते. घंटा वाजली हे आपण ऐकायचं, बंब मात्र यायला नको.

यासाठी पर्लमधली पहिली सोय अक्षरांच्या पातळीवरची होती. मार्क फाउलर यांच्या ‘टेस्ट बिल्डर टेस्टर’मध्ये आधी लिहून द्यायचं की आता अमुक ओळी छापल्या जातील. मग छपाई मध्येच अडवली जायची आणि आलेला मजकूर अपेक्षित मजकुराशी ताडला जायचा. काम होत असे, पण मुळात तपासलं जायचं ते काय घडलं हे नव्हे, तर ते कसं छापलं गेलं हे. निदानाच्या संदेशात कुणी एक रिकामी ओळ वाढवली की तर्क शाबूत असूनही चाचणी कोसळायची. शिवाय ‘टेस्ट बिल्डर’चा मोजणीदार सगळ्या प्रोग्रामला मिळून एकच. नकली अपयशानं तोही पुढे सरके, मग त्याला हळूच मागे आणून ठेवायचं. ही सगळी लपवाछपवी मला कधीच रुचली नाही.

चाड ग्रॅनम यांनी ‘टेस्ट टू’मध्ये पायाच बदलला. २०१७ च्या पर्ल ५.२६ पासून ते पर्लसोबतच येतं. इथे चाचणी थेट काही छापत नाही. ती एक घटना निर्माण करते. पास, नापास, टिप्पणी, सगळ्या घटनाच. प्रत्येकीसोबत ती कोणत्या फाईलमधून, कोणत्या ओळीवरून निघाली याची नोंद असते. या घटना ‘हब’ नावाच्या केंद्राकडे जातात, तिथे मोजणी होते आणि मगच छपाई. हब एकावर एक रचता येतात आणि सगळ्यात वरचं असेल ते घटना घेतं.

आता ‘टेस्ट टू’मधल्या ‘इंटरसेप्ट’ या फंक्शनची युक्ती सोपी होते. त्याला कोडचा एक तुकडा द्यायचा. ते रचनेवर छपाई नसलेलं नवं हब ठेवतं, तुकडा चालवतं, घटना गोळा करतं, हब काढून घेतं आणि घटनांची यादी आपल्या हाती देतं. खालच्या हबला यातलं काहीच कळत नाही, त्याची मोजणी जिथल्या तिथे राहते. तुकडा मध्येच अपवाद फेकून मेला, तर आधी हब उतरवलं जातं आणि मग तो अपवाद पुढे पाठवला जातो. ही काळजी घेतली नसती, तर पुढच्या सगळ्या चाचण्या मुक्या हबात जाऊन पडल्या असत्या. ‘बेल आउट’ ही तर सगळी तपासणी तिथेच थांबवण्याची आज्ञा. इंटरसेप्टच्या आत ती फक्त तेवढा तुकडा थांबवते.

यादी हाती आली की ओळ क्रमांक जरूर पाहावा. कुणाच्या तरी फंक्शनमध्ये अपयश आलं, की कधी कधी संदेशात त्या फंक्शनच्या पोटातली ओळ दिसते. ते बोलावलं त्या जागेची दिसत नाही. वापरणारा मग भलत्याच फाईलमध्ये डोकं खुपसून बसतो. हा दोष पास होणाऱ्या चाचणीत कधीच दिसत नाही.

माझा खरा आक्षेप वापरणाऱ्यांवर आहे. इंटरसेप्ट लावायचं आणि परत आलेल्या यादीकडे पाहायचंच नाही, असा कोड मी वाचलेला आहे. तिथे दहा अपयशं आली काय किंवा चाचणी धावलीच नाही काय, बाहेरून सगळं सारखंच. तुकडा लहान ठेवावा, शक्यतो एकाच हाकेचा, आणि आधी घटना किती आल्या ते तपासावं. नंतर आतला मजकूर.

आणि अडवल्या जातात त्या फक्त घटना. तुकड्यानं फाईल लिहिली तर ती लिहिली गेलेलीच असते. कुणी साध्या ‘प्रिंट’नं ‘नॉट ओके’ अशी ओळ छापली, तर ती हबाला वळसा घालून थेट बाहेर जाते, आणि ओळी वाचणारा बाहेरचा प्रोग्राम ती खरी धरून फाईल नापास करतो. अशा जुन्या कोडसाठी छपाईच वेगळी अडवावी लागते, म्हणजे पुन्हा फाउलर यांच्याच वाटेनं जावं लागतं.