दूध पुरतंय का?



बाळंतपणानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते, "हिला दूधच नाही, वरचं सुरू करा." बाळंतीण ते ऐकते आणि खचते. खरं तर तेव्हा तिच्या शरीरात दुधाची तयारी जोरात चाललेली असते.

ती करणारं संप्रेरक म्हणजे प्रोलॅक्टिन. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी असते, तिथे ते तयार होतं. गरोदरपणात रक्तातलं त्याचं प्रमाण सुमारे 10 पट वाढतं. तरीही दूध उतरत नाही, कारण वारेतून येणारं प्रोजेस्टेरॉन त्याला अडवून धरतं. वार पडली की हा अडसर दूर होतो आणि 2 ते 4 दिवसांत पान्हा फुटतो. तोवर येणारा पिवळसर चीक बाळाच्या इवल्या पोटाला पुरतो. तो पिळून टाकू नका.

पुढचं बरंचसं बाळाच्या ओढण्यावर. एरवी मेंदूतलं डोपामिन प्रोलॅक्टिनला आवरून धरतं. बाळ चोखू लागलं की मज्जातंतूंमार्फत मेंदूला निरोप जातो, डोपामिन मागे हटतं आणि अर्ध्या तासात प्रोलॅक्टिन चढतं. त्यातून पुढच्या वेळचं दूध बनतं. बनलेलं दूध बाहेर ढकलतं ते ऑक्सिटोसिन. रात्री प्रोलॅक्टिन जास्त स्रवतं, म्हणून रात्रीचं पाजणं फार मोलाचं. विनाकारण वरचं दूध दिलं तर बाळ कमी ओढतं, निरोप कमी जातो आणि दूध खरोखरच आटू लागतं.

याच प्रोलॅक्टिनमुळे अंगावर पाजताना पाळी लांबते. पण बाळंतपण नसताना पाळी थांबली किंवा स्तनांतून दूध आलं, तर डॉक्टरांकडे जा. थायरॉइड मंदावणं, उलटीची किंवा मानसिक आजारांची काही औषधं, पियुषिकेतली साधी गाठ, अशी कारणं त्यामागे असू शकतात. पुरुषांतही प्रोलॅक्टिन असं वाढू शकतं. गाठीवर बहुतेकदा गोळ्यांनीच गुण येतो. चालू औषधं मात्र मनाने बंद करू नका.

घरातल्यांनो, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू जरूर द्या. पण दुधासाठी बाळाला वारंवार आईच्या छातीशी द्या आणि तिची बाकीची कामं तुम्ही उचला. पाचव्या दिवसानंतर बाळाला दिवसाकाठी सहा किंवा जास्त वेळा लघवी होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. तसं नसेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा. बाळंतिणीला मात्र बोल लावू नका.