पिलाचे केस विरळ का होतात?

कुत्र्याचं पिलू घेऊन दवाखान्यात येणारा माणूस बऱ्याचदा एकच मागणी करतो : "डॉक्टर, केसाचं इंजेक्शन द्या." असं इंजेक्शन नसतं. केस दुसऱ्याच कशानं तरी जातात, ते आधी शोधावं लागतं.

बारामती-इंदापूर हा मेंढ्यांचा मुलूख. त्यामुळे जंतांवरचं आणि खरजेवरचं आयव्हरमेक्टिन इथं घराघरांत सापडतं. औषध उत्तम आहे. ते शोधणाऱ्यांना २०१५ साली नोबेल मिळालं. पण मागे एकदा इंदापूरकडचे एक बागायतदार शेल्टीचं पिलू घेऊन आले. शेल्टी म्हणजे शेटलंड शीपडॉग, स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या बेटांवरचं, मेंढ्या वळणारं छोटं झुपकेदार कुत्रं. पिलू सात महिन्यांचं, वजन पाच किलो. पाठीवरून कातडी दिसत होती, पण तक्रार ती नव्हती. तोंडातून लाळ गळत होती, मागचे पाय लटपटत होते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या. केस झडतात म्हणून आदल्या दिवशी कुणीतरी मेंढीचं इंजेक्शन अंदाजानं एक मिली टोचलं होतं.

हिशेब बघा. त्या औषधाचा एक मिली पन्नास किलोच्या जनावराला पुरतो. म्हणजे पिलाला दहापट मात्रा गेली. त्यात जात शेल्टीची. कोली, शेल्टी अशा मेंढपाळी जातींतल्या काही कुत्र्यांत एका जनुकाचा दोष असतो. मेंदूत शिरणारं औषध बाहेर फेकणारी यंत्रणाच त्यांच्यात काम करत नाही. हे कोडं २००१ साली अमेरिकेत उलगडलं. कोलीमध्ये हा दोष फार, शेल्टीत त्याहून कमी. पण कुठल्या पिलात आहे हे नुसतं बघून कळत नाही. या विषबाधेवर नेमका उतारा नाही. सलाईन लावायचं, अंग उबदार ठेवायचं, कूस बदलत राहायचं आणि वाट बघायची.

आता केसांकडे वळू. चार ते सहा महिन्यांच्या सुमारास पिलाचे मऊ केस गळून मोठेपणीचे येतात. त्या दिवसांत पिलू ओबडधोबड दिसतं. कातडी स्वच्छ असेल, खाज नसेल, तर घाबरू नये. डोळ्याभोवती, ओठांजवळ, पुढच्या पायांवर टक्कल पडलं आणि खाज फारशी नसली, तर डेमोडेक्स नावाच्या किड्याची शंका घ्यावी. तो जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत आईकडून येतो आणि केसाच्या मुळाशी राहतो. लहान चट्टे बऱ्याचदा आपोआप भरतात. कानाच्या कडा, कोपरं खाजवून रक्त काढत असेल, तर ती दुसरी खरूज. ती घरातल्या माणसांनाही खाजवायला लावते. गजकर्णही तसंच माणसाला लागतं. वाड्यावरच्या कुत्र्यांची ही खरूज तर कडबनवाडीच्या माळावरल्या लांडग्या-कोल्ह्यांपर्यंत पोचू शकते, म्हणून राखणीच्या कुत्र्यांनाही उपचार हवेत. डॉक्टर पात्यानं कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, दहा-पंधरा मिनिटांचं काम. मशीनचं जळकं ऑईल चोपडण्याची पद्धत मात्र सोडा. कुत्रं अंग चाटतं आणि ते सगळं पोटात जातं.

राहिलं खाणं. केस म्हणजे बहुतांशी प्रथिनं, आणि आपण पिलाला घालतो दूध-भाकरी! नुसत्या धान्यावर जस्तही अंगी लागत नाही. शिवाय जंत आणि गोचीड असले की खाल्लेलंही पुरत नाही. अंडी, उकडलेलं मटण किंवा कोंबडी, पिलांसाठीचं तयार खाद्य, यातलं काहीतरी रोज पोटात जावं. थायरॉईडमुळेही केस जातात, पण तो आजार सहसा मध्यम वयाच्या कुत्र्यांचा. पिलात तो शोधत बसण्याआधी वाटी बघावी. आणि इथल्या उन्हाळ्यात अंग भादरू नये. दुहेरी केस उन्हापासूनही राखतात.

ते पिलू तिसऱ्या दिवशी उभं राहिलं. पंधरवड्यानं कातडी खरवडली तेव्हा डेमोडेक्स सापडले. खाण्यात तोवर फक्त दूध-भाकरी होती. डोस वजनावर मोजून वेगळी गोळी सुरू केली, रोज एक अंडं सांगितलं. दिवाळीला बागायतदार पिलाला दाखवायला आले, तेव्हा मानेवर आयाळ आली होती. येताना त्यांनी फ्रीजमधली उरलेली बाटलीही आणली होती. म्हणाले, "ही तुमच्याकडेच ठेवा."