मासा कोणाचा? : खानदेशांतील मत्स्यशेती आणि कायदा



खानदेश म्हटला कीं कापूस, केळीं आणि कडक ऊन हीं डोळ्यांपुढें येतात; मासा येत नाहीं. तरीहि जळगांव-धुळें भागांत तापीवर हतनूर, वाघूरवर वाघूर आणि पांझरेवर अक्कलपाडा अशीं धरणें झालीं, शेतांतून शेततळीं खोदलीं गेलीं, आणि त्या पाण्यांत मासे वाढूं लागले. या धंद्याच्या कायद्याचा मूळ प्रश्न एकच आहे : मासा कोणाचा?

वाहत्या नदींतला मासा जाळ्यांत सांपडेपर्यंत कोणाच्याच मालकीचा नसतो. तळ्यांतल्या माशाची गोष्ट निराळी. कटला, रोहू आणि मृगळ हे मूळचे उत्तरेकडील नद्यांचे. ते पुराच्या वाहत्या पाण्यांत अंडीं घालतात, सांचलेल्या पाण्यांत सहसा नाहीं. डॉ. हिरालाल चौधरी यांनीं १० जुलै १९५७ रोजीं ओडिशांत, माशाच्या मेंदूखालील ग्रंथीचा अर्क टोचून, ही अडचण दूर केली. तेव्हांपासून मत्स्यबीज मुद्दाम तयार होऊं लागलें. तें पैसे देऊन आणावें लागतें आणि महिनोन्‌महिने पोसावें लागतें. म्हणूनच बंदिस्त तळ्यांतला मासा परस्पर काढून नेणें ही कायद्यानें चोरी ठरते.

नदीच्या माशाला धनी नसला तरी संरक्षण आहे. १८९७ च्या कायद्यानें सुरुंग लावून वा पाण्यांत विष कालवून मासे मारण्यास बंदी केली, आणि दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशें रुपयांपर्यंत दंड सांगितला. जाळ्याचा आस किती असावा हें ठरविण्याचा, तसाच एखाद्या पाण्यांतली मासेमारी दोन वर्षांपर्यंत बंद ठेवण्याचा अधिकारहि त्यानें सरकारला दिला. पुढें महाराष्ट्रानें १९६० चा स्वतःचा अधिनियम केला. किनाऱ्यावरील कोळंबीच्या तळ्यांसाठीं २००५ सालीं केलेला केंद्राचा कायदा मात्र आपल्याकडे लागत नाहीं.

खरी अडचण धरणांच्या पाण्याची आहे. पूर्वीं भोई आणि भिल्ल कुटुंबें नदींत मोकळेपणानें जाळें टाकीत. धरण झालें कीं मासेमारीचा हक्क ठेक्यानें दिला जातो, आणि ठेका नसलेला कालचा मच्छीमार आज परका ठरतो. मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यांत प्राधान्य देण्याचें धोरण याचसाठीं आहे. परंतु संस्था नांवाची आणि धंदा व्यापाऱ्याचा असें झालें, तर कायद्याचें अक्षर पाळलें जाऊनहि त्याचा हेतु बुडतो. २०२५ सालीं राज्य सरकारनें मत्स्यव्यवसायास शेतीचा दर्जा दिला. त्याचा लाभ जाळें ओढणाऱ्या हातांपर्यंत पोंचतो कीं नाहीं, हीच त्याची कसोटी.

यांत आपणां शहरवासीयांचाहि वांटा आहे. परदेशी मांगूर माशाच्या पैदाशीस २००० सालापासून बंदी आहे. हा मासा खादाड व मांसभक्षक. पुरांत तळें फुटून तो नदींत शिरला, तर देशी मासळी फस्त करतो. तरीहि गिऱ्हाईक मिळालें कीं तो चोरून पोसला जातो. तेव्हां बाजारांत मासा घेतांना, तो कोणता आणि कोठला, एवढें अवश्य विचारावें. पहारेकरी प्रत्येक तळ्यावर उभा राहूं शकत नाहीं. सावध गिऱ्हाईक मात्र प्रत्येक बाजारांत असूं शकतें.