केळीचा पैसा



तुम्ही दुकानदाराला दहा रुपयांची नोट देता. तो तुम्हांला बिस्किटांचा पुडा देतो. नोट म्हणजे तर कागदाचा तुकडा! मग कागद घेऊन तो पुडा का देतो? याविषयी आज एक खरी हकिकत ऐका.

सिंगापूरमध्ये सेरंगून रोड नावाचा गजबजलेला रस्ता आहे. फुलांच्या माळा, मसाले, साड्या, मंदिरे पाहून आपल्याच बाजारात आल्यासारखे वाटते. भारतातून गेलेले लोक तिथे फार पूर्वीपासून राहतात.

दुसऱ्या महायुद्धात, फेब्रुवारी १९४२ मध्ये, जपानने हे शहर इंग्रजांकडून जिंकले. जपान्यांनी आपल्या नोटा चालू केल्या. दहा डॉलरच्या नोटेवर केळीचे झाड होते. म्हणून लोक त्यांना 'केळीचा पैसा' म्हणू लागले.

पैसे कमी पडले, की जपानी आणखी नोटा छापत. पुढेपुढे तर नोटांवर क्रमांकही छापत नसत. नोटा वाढल्या, पण तांदूळ वाढला का? नाही. तो बाहेरून येई आणि युद्धामुळे फारच थोडा येई. युद्धापूर्वी साठ किलो तांदूळ सुमारे ५ डॉलरला मिळे. १९४५ च्या मध्याला त्याची किंमत सुमारे ५००० डॉलर झाली! लोकांनी अंगणात रताळी लावली आणि त्यांवर दिवस काढले.

ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली. सप्टेंबरमध्ये इंग्रज परत आले. केळीचा पैसा रद्द झाला. ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन नोटा साठवल्या होत्या, त्यांच्या हाती नुसता कागद राहिला. 'मागताच पैसे देऊ' असे वचन नोटेवर होते. पण मागायचे कुणाकडे?

असा प्रसंग जर्मनीवरही आला होता. १९२३ मध्ये तिथे भाव इतके भडकले, की सरकारच्या नोटा पुरेनात. मग गावोगावच्या नगरपालिकांनी स्वतःच्या नोटा छापल्या. बर्लिनमध्ये एका पावाला सुमारे २०० अब्ज मार्क पडू लागले!

मुलांनो, नोटेची किंमत कागदात नसते. ती शेतात पिकणाऱ्या धान्यात, कारखान्यात बनणाऱ्या वस्तूंत आणि दिलेले वचन पाळण्यात असते. आपल्या नोटेवरही रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचे वचन व सही असते. घरी गेल्यावर नोट नीट पाहा. तिच्या मागच्या बाजूला मराठीतही किंमत लिहिलेली आहे. ती शोधा बरे!